पेलेट 300 अंशांना तडकताहेत? आधी ओलावा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या कॉलेज लॅबमध्ये सिंधुदुर्गातल्या रेडीकडच्या हेमटाइट या लोहधातुकाच्या पेलेट, म्हणजे भुकटीच्या गोळ्या, मफल फर्नेसमध्ये (बंद भट्टीत) 300 अंशांच्या आसपास तडकतात, टिकतात त्यांची दाब सोसायची ताकद जेमतेम 120 किलो, मग बेंटोनाइट (गोळी बांधणारी चिकणमाती) दुप्पट करून 1350 ला भाजू का? दोन्ही नको.

धातुकात गोथाइट (पाणी बांधलेलं लोहखनिज) असेल, तर त्यातलं बांधलेलं पाणी साधारण 250 ते 350 अंशांत सुटतं. त्यात पोटातला ओलावा राहिलेला असेल तर वाफेला वाट मिळत नाही. भुकटी मैद्यासारखी दळली असेल तर आणखीच. 45 मायक्रॉनखाली 65-70 टक्के पुरे. पेलेट रात्रभर 105 ला वाळवा, मग मिनिटाला 3 अंशांनी 400 पर्यंत न्या आणि अर्धा तास थांबा. प्लँटमध्ये हेच काम काही मिनिटांत होतं, कारण तिथे गरम हवा थरातून आधी खालून, मग वरून ओढतात. मफलमध्ये झोतच नाही, त्यामुळे प्लँटचे आकडे इथे उतरवू नका.

गोळ्या वळायच्या फिरत्या डिस्कवर ओलावा 9 टक्क्यांच्या आसपास ठेवा. पावसाळ्यात उघड्या पोत्यातली भुकटी स्वतःच पाणी धरते, तेव्हा दर बॅचला नमुना वाळवून वजन करा आणि मगच पाणी मोजा. पाणी जास्त झालं की गोळ्या द्राक्षांसारख्या घडाने चिकटतात. ओली गोळी 45 सेंमीवरून लोखंडी पत्र्यावर टाकून बघा: 4-5 वेळा टिकली तर ठीक. पंधरा वेळा टिकली म्हणून खूश होऊ नका. दाबल्यावर ती किलोभरातच चपटी होत असेल, तर ती मजबूत नाही, नुसती ओली आहे.

बेंटोनाइट 0.7-0.8 टक्के बास, पण ते कोरडंच नीट मिसळा. दर एक टक्क्यामागे लोह साधारण 0.6 टक्क्याने घटतं आणि सिलिका वाढते ती वेगळीच.

आता 120 किलोचं. एक भाजलेली पेलेट फोडून बघा. गाभा काळा आणि चुंबकाला चिकटणारा असेल, तर मिश्रणातल्या कोक ब्रीझने (कोकच्या चुऱ्याने) आतलं हेमटाइट मॅग्नेटाइट करून टाकलंय आणि ऑक्सिजन पोचलेला नाही. कार्बन 1 टक्क्यापर्यंत आणा, 900 ला दार किंचित उघडं ठेवून अर्धा तास द्या, मग 1280-1300 ला 15 मिनिटं. आतपर्यंत लाल आणि भुसभुशीत असेल तरच तापमान कमी पडलंय. 1350 ला स्लॅग (धातुकातली मळी) वितळून छिद्रं बुजतात. मग ब्लास्ट फर्नेसमधला (लोखंड गाळायच्या भट्टीतला) वायू आत शिरणार कुठून?

250 किलो ताकद गाठल्यावरही फुगवटा, म्हणजे लोह सुटताना पेलेट किती फुगते ते, तपासायचाच, तो 20 टक्क्यांच्या आत हवा. चुना-सिलिका गुणोत्तर 0.2 ते 0.8 च्या मध्ये असलं की तो वाढतो. डोलोमाइटमधल्या मॅग्नेशियामुळे आटोक्यात येतो.

ताकद मोजताना 10 ते 12.5 मिमीच्या किमान 60 पेलेट घ्या आणि सगळे आकडे लिहा, नुसती सरासरी नको. सरासरी 250 असूनही दहा-बारा पेलेट 60 किलोला फुटत असतील, तर फर्नेसमध्ये चुरा त्यांचाच होणार.