फूटभर गलबत आणि पुठ्ठ्याचे साचे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: काका नमस्कार, मी गेल्या वर्षी नोकरीतनं रिटायर झालो. नातवाला दिवाळीत विजयदुर्ग करायचाय आणि खाली खाडीत ठेवायला मला हाताने कोरलेलं गलबत द्यायचंय, फूटभर लांब, किट वगैरे नको. घरी जुन्या पलंगाचं सागवान होतं, त्याचा अखंड ठोकळा घेऊन कोरायला बसलो पण नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, एक बाजू जास्त उतरली, दुसरी तिच्याशी जुळवायला गेलो तर तीही उतरली, आणि आठवड्याने मधोमध उभी चीर गेली. आता काय करू? (एक वाचक, देवगड)

उत्तर: दादा, तुमचा हात चुकलेला नाही. लाकडाला हत्यार लावायच्या आधीचं काम राहून गेलं, आणि माझ्या मते जहाजाच्या मॉडेलचं निम्मं काम तेच असतं.

आधी आकार कागदावर उतरवा. वरून जहाज कसं दिसतं, बाजूनं कसं दिसतं, आणि सुरीने काकडी आडवी कापावी तसं ते पाच-सहा जागी कापलं तर प्रत्येक काप कसा दिसेल. या कापांचे पुठ्ठ्याचे साचे करायचे, पण फक्त अर्ध्या बाजूचे. तोच साचा डावीकडे लावायचा आणि उलटा करून उजवीकडे, म्हणजे दोन्ही बाजू वेगळ्या व्हायचा प्रश्नच येत नाही. डोळ्याने जुळवायला गेलात की एकदा इकडे एकदा तिकडे तासत बसता आणि गलबत बारीक होत जातं, तुमचं नेमकं तेच झालंय.

दुसरं म्हणजे अखंड ठोकळा नको. साधारण १० मिलीमीटरच्या फळ्या घ्या, पाच थर पुरतील. प्रत्येक थर त्या उंचीला जहाज जेवढं रुंद असेल तेवढाच कापायचा, वरचे थर मोठे, खालचे लहान. तळाचा थर सोडून बाकीच्यांचा मधला भाग चिकटवायच्या आधीच करवतीने काढून टाकायचा, भिंत १२-१५ मिलीमीटरची ठेवायची. मग सगळे थर चिकटवून रात्रभर शिकंज्यात. सकाळी बाहेरून पायऱ्या-पायऱ्या दिसतील, त्या पायऱ्यांचे कोपरे उडवत जायचं आणि आतला कोपरा लागला की थांबायचं. चिकटवलेल्या सांध्याच्या रेषाही दोन्ही बाजूंना सारख्याच वळायला हव्यात, एका बाजूची रेषा आत गेलेली दिसली की लगेच कळतं कुठे जास्त निघालंय. चीर जायचं कारण पण हेच, जाड ठोकळा बाहेरून आधी वाळतो, आत ओल राहते, बाहेरचं लाकूड आखडतं आणि फाटतं. पोकळ केलेल्या थरांना तो ताण तेवढा येत नाही.

पटाशी कायम मधल्या फुगीर भागापासून टोकांकडे चालवा. उलटी चालवलीत तर धार रेषांच्या आत शिरते आणि ढलपी निघते.

आता सागवान. खऱ्या जहाजाला त्याच्यासारखं लाकूड नाही पण फूटभराच्या मॉडेलला त्याच्या रेषा फार ठळक दिसतात, आणि ते तेलकट असल्यामुळे गोंदही नीट धरत नाही. शिवण बघा, हलकं, कोरायला मऊ आणि वाकत-फिरत नाही. हेदू म्हणजे हळदू मिळाला तर फारच छान, रंग पिवळसर आणि रेषा इतक्या बारीक की छोट्या कामाला शोभतात. सावंतवाडीच्या चितारआळीत फळं-खेळणी करायला पांगारा वापरत आलेत, तो लोण्यासारखा कापला जातो पण कड टिकत नाही, सरावाला घ्या.

आकार कुठून आणायचा म्हणाल तर तुम्ही देवगडला राहता, बंदरावर जा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात, एखादी जुनी वल्ह्यांची होडी शोधा, मालकाला विचारून समोरून आणि बाजूनं सरळ फोटो घ्या, टेपने रुंदी तीन-चार जागी मोजा. इंजिनाच्या मोठ्या बोटी नकोत, त्यांचा मागचा भाग रुंद आणि सपाट असतो. अठराव्या शतकातल्या इंग्रजांनी लिहून ठेवलंय त्यानुसार गलबत सहसा ७० टनांच्या वर नसायचं, दोन डोलकाठ्या, त्यातली मागची अगदी किरकोळ, पुढच्या मोठीवर एकच भलं मोठं तिकोनी शीड, आणि ४० ते ५० वल्ही. गुराब याहून मोठी, १५० ते ३०० टन, तिची नाळ पुढे लांब निघालेली आणि तिथे पुढच्या दिशेनं मारा करणाऱ्या तोफा. बाजारात मराठी गलबत म्हणून चौकोनी शिडांचं तीन काठ्यांचं युरोपियन जहाज विकतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं, नातवाला तरी तिकोनी शीडच दाखवा.

प्रश्न: मी अकरावीत आहे. गरम पाण्यात १५-२० मिनिटं भिजवलेल्या पट्ट्या सांगाड्यावर चिकटवून बोट करतेय, मधे छान बसतात पण नाळेपाशी पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि सुकल्यावर फटी पडतात. पट्ट्या १ मिमी जाड, ४ मिमी रुंद आहेत. (एक वाचक, पुणे)

उत्तर: तू सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या लावतेयस. बोटीच्या मध्यावर कागदाची पट्टी धरून वरच्या काठापासून पठाणापर्यंत, म्हणजे तळाच्या कण्यापर्यंत, वळणावरून मोज. समज ६० मिलीमीटर आलं, म्हणजे १५ पट्ट्या. आता तेच नाळेपाशी मोज, तिथे ३६ आलं तर त्याच १५ पट्ट्या तिथे २.४ मिलीमीटरच्या हव्यात. म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करायची, लाकडाच्या तुकड्यावर धरून सुरीने किंवा छोट्या रंध्याने. मात्र निम्म्याहून अरुंद करू नकोस, तेवढ्या बारीक टोकाला काही पकड राहत नाही, त्यापेक्षा दोन पट्ट्यांची मिळून एक कर.

फटींचं कारण पाणी. गरम पाण्यात १५-२० मिनिटं भिजवलीस ते बरोबर, पण ओली पट्टी चिकटवायची नाही, सांगाड्यावर चिमट्यांनी नुसती आवळून ठेवायची, पूर्ण वाळली की मग गोंद. ओली चिकटवली तर वाळताना आखडते आणि फट पडते. आणि एक डावीकडे, एक उजवीकडे अशी आळीपाळीने लाव, एकच बाजू आधी पूर्ण केलीस तर सांगाडा पिळतो आणि पिळलेला सांगाडा नंतर कशानेही सरळ होत नाही.

प्रश्न: इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ट्रिंकोमाली जहाज पाहिलं, मुंबईत बांधलंय हे वाचून अंगावर काटा आला. पहिलंच मॉडेल त्याचं करू का? (न्यूकॅसलहून एक वाचक)

उत्तर: काटा येणारच. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागवानात बांधलेलं ते जहाज १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं आणि अजून तरंगतंय. त्याचे नकाशे ज्या जावा जहाजातून मुंबईला यायचे होते ते १८१२ मध्ये अमेरिकन युद्धनौकेनं हरवून जाळलं, नकाशे गेले, मग दुसरी प्रत पाठवावी लागली. मुंबईच्या सुतारांनाही आधी कागद लागलाच.

पण पहिलं मॉडेल हे नको. तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेला शेकडो दोऱ्या असतात, तोफा असतात, आणि लोकं सांगाडा पूर्ण करून दोऱ्यांपाशी सोडून देतात, धूळ खात पडलेली अशी अर्धी जहाजं मी बरीच पाहिलीत. आधी तिच्यावरच्या छोट्या होड्यांपैकी एक करा, एका काठीची. माप ५० ला १ ठेवा, त्यात साडेपाच फुटी माणूस ३.४ सेंटीमीटरचा होतो, तेवढा पुठ्ठ्याचा माणूस कापून टेबलावर कायम उभा ठेवा. कठडा त्याच्या डोक्यावर गेला की माप चुकलं हे त्याच क्षणी दिसतं. तुम्ही जवळच राहता तर पुन्हा जा, आणि ह्या वेळी नाळेचेच फोटो घ्या, दोन्ही बाजूंनी.

प्रश्न: मित्र म्हणतो मूळ नकाशा नसेल तर जुन्या जहाजाचं मॉडेल म्हणजे नुसती कल्पना. खरं आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: मला अजिबात पटत नाही. नौदलाचं कौंडिण्य जहाज बघा, २१ मे २०२५ ला कारवारला दाखल झालं. आधार काय, तर अजिंठ्याच्या भित्तिचित्रातलं पाचव्या शतकातलं जहाज. नकाशा नव्हताच. चित्रावरून आकार ठरवला, मद्रास आयआयटीत मॉडेलची चाचणी घेतली, आणि फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवल्या, गोव्यात. म्हणजे त्यांनी पण खऱ्याच्या आधी छोटं जहाज करून बघितलं. आपल्याकडे बोरिवलीजवळ एक्सरचे वीरगळ आहेत, त्यावर वल्ह्यांच्या नौका ओळीने कोरल्यात, एकदा जाऊन या. कुठला भाग कशावरून घेतला ते मॉडेलच्या पाटाखाली लिहून ठेवा, आणि अंदाजाने केलेलं असेल तर तेही लिहा.

प्रश्न: दोऱ्यांवर फार लव दिसते आणि शीड पापडासारखं कडक झालंय. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: सुती दोरा मेणबत्तीच्या ज्योतीवरून पटकन ओढा, लव जळून जाते, मग मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा. नायलॉन नको, ते वितळतं. शिडाला जुन्या धोतराचं धुवून मऊ झालेलं कापड घ्या, चहाच्या पाण्यात बुडवा म्हणजे पांढरंफेक दिसत नाही. फेव्हिकॉल सरळ लावला असणार तुम्ही, एका भागाला आठ-दहा भाग पाणी घाला, ओलं असताना शीड परबाणाला, म्हणजे शिडाच्या आडव्या काठीला, बांधून मागनं फुगा टेकवून ठेवा, वाऱ्याने फुगल्यासारखं सुकतं. फुगा दुसऱ्या दिवशी काढा, आधी नाही.