'सर्वानुमते'तला भटका अनुस्वार

प्रश्न असा आहे: 'आमच्या नगरपरिषदेच्या इतिवृत्तात "सदर ठराव सर्वांनुमते मंजूर करण्यात आला" असे लिहिले आहे. प्रत्यक्षात दोन नगरसेवक तटस्थ बसले होते. हा शब्द बरोबर आहे का? की "एकमताने" लिहायला हवे होते?'

'र्वां'वरचा अनुस्वार चूक. सोसायटीच्या फलकापासून महापालिकेच्या विषयपत्रिकेपर्यंत हा 'सर्वांनुमते' इतका बोकाळला आहे की शुद्ध लिहिणाऱ्यालाच कारकून दुरुस्ती सुचवतो. सर्व अधिक अनुमत, झाला 'सर्वानुमत'. अनुस्वार घालून शब्द फोडा, हातात 'सर्वां' आणि 'नुमते' येतात. हे 'नुमते' काय असते, कोणी सांगेल का? 'सर्वांगीण'मध्ये अनुस्वार आहे तो 'अंग'चा. तो इथे उसना आणता येत नाही.

गंमत अशी की या शब्दाला एके काळी अनुस्वार खरोखरच होता, पण शेवटी: 'सर्वानुमतें'. ही जुन्या मराठीची तृतीया. 'आतां विश्वात्मकें देवें' म्हणताना आपण रोज तीच म्हणतो. 'माझ्या मते', 'त्यांच्या हस्ते' यांतही तीच उरली आहे. काही संस्कृतज्ञ हा 'ए' सप्तमीचा म्हणतात. त्यांना मराठीत काहीही मराठी दिसले की झोप येत नाही. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. माझा लाडका तर्क असा की 'तें'वरून हाकललेला तो अनुस्वार गाव सोडून गेलाच नाही, 'र्वा'वर जाऊन बसला. पुरावा मागू नका.

आता 'अनुमत'. त्याची सख्खी बहीण 'अनुमती'. परवानगी हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडा. अमरकोशात पौर्णिमेची दोन नावे शेजारी शेजारी दिली आहेत: 'कलाहीने सानुमतिः पूर्णे राका निशाकरे'. चंद्र पुरता भरला तर ती राका. एक कळा उणी असेल तर ती अनुमती! म्हणजे थोडी कमी, तरी पौर्णिमा म्हणून चालवून घेतलेली. मला हे पहिल्यांदा सापडले तेव्हा मी उठून खिडकीशी गेलो होतो (अमावास्या होती). सभागृहातले 'एकमत' ही राका: प्रत्येकाचा हात वर. 'सर्वानुमत' ही अनुमती: दोघे गप्प बसले, कोणी आडवे आले नाही, ठराव चालवून घेतला. मत आपले स्वतःचे असते, अनुमत दुसऱ्याच्या मतामागून जाते. 'अनु' म्हणजे मागून. नगरपालिकेच्या कारकुनाने अमरकोश उघडून ही छटा निवडली, असा माझा दावा नाही. पण छटा शब्दात आहे ती आहे.

इंग्रजी-मराठी कोशकार मात्र 'युनॅनिमसली'पुढे दोन्ही शब्द एका ओळीत टाकून मोकळे होतात. त्या इंग्रजी शब्दाच्या लॅटिन पोटात 'एक' आणि 'मन' आहे, म्हणजे तो नेमका आपला 'एकमताने'. कोणीही विरोध केला नाही, एवढेच सांगायचे असेल तर इंग्रजी सभाशास्त्रात 'नेम कॉन' ही वेगळी संज्ञा आहे. तिथे दोन खाती ठेवतात, आणि आपण हाताशी दोन शब्द असून एकात भरतो. वर हिंदीवरून 'सर्वसंमतीने' आणतो.

जाता जाता: 'अनुमोदक'मध्येही हाच 'अनु'. अनुमोदन म्हणजे दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानणे. सूचकाने ठराव मांडल्यावर शेजारचा सभासद दचकून मान वर करतो, त्याला आनंद म्हणायचे असेल तर म्हणा. आणि स्वीकृत सदस्य, म्हणजे निवडून न येता नेमलेले! राज्यघटनेच्या २४३-आर कलमानुसार त्यांना सभेत मतदानाचा अधिकार नाही. म्हणजे त्यांना मत असते, पण मत नसते. त्यांनी तासभर विरोधी भाषण ठोकले तरी 'एकमताने' अबाधित.

कायद्याला या छटांशी देणेघेणे नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या अधिनियमात हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत मोजतात, आणि समसमान झाली तर पीठासीन अधिकाऱ्याला निर्णायक मत असते. तटस्थ माणूस बेरजेतच नाही. आवाजी मतदानात 'होय'चा गलबला मोठा वाटला की ठराव संमत, आकडा कोणी लिहीत नाही. रीतसर मतदान मागितले, तरच बाजूने कोण आणि विरुद्ध कोण, ही नावे इतिवृत्तात चढतात. तुमच्या त्या दोघांना तटस्थपणा कागदावर हवा होता, तर त्यांनी तिथेच तोंड उघडून तशी नोंद मागायची.

तेव्हा 'सर्वानुमते' राहू द्या, 'एकमताने' नको. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याचा विषय येईल, तेव्हा कोणीतरी उठून 'र्वां'वरचा तेवढा ठिपका खोडायची दुरुस्ती सुचवावी. अनुमोदक मिळेलच.