‘गैरइरादतन’ लहरी आणि साळीचं तूस

इंदूरच्याच एका तरुण इंजिनिअरचा प्रश्न: अमेरिकी दूरसंचार नियमांच्या १५व्या भागात उपकरणांचे तीन वर्ग आहेत, इंटेन्शनल, अनइंटेन्शनल आणि इन्सिडेंटल रेडिएटर, म्हणजे रेडिओ लहरी बाहेर टाकणारी उपकरणं. मधल्याला ‘गैरइरादतन’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. सकाळी हिंदी पेपर उघडला की ‘गैर इरादतन हत्या’ समोर येते. तिथूनच हा शब्द आपल्या इंदुरी मराठीत घुसलाय आणि जो तो तो ‘चुकून’ या अर्थाने फेकतो. इथे चुकून काहीच होत नाही. वायफायचा राउटर लहरी मुद्दाम बाहेर सोडतो. मिक्सरच्या मोटरला लहरींशी देणंघेणं नाही. ब्रशपाशी ठिणग्या उडतात आणि चटणी वाटताना रेडिओ खरखरतो. हे दोघे, पहिल्या आणि शेवटच्या वर्गातले, सोपे. मधल्या वर्गातला कंप्युटर मात्र जलद स्पंदनं मुद्दामच तयार करतो, पण आतल्या कामापुरती. थोडी बाहेर सांडणार, हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. ठाऊक असणं म्हणजे हेतू असणं नव्हे. १३व्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने स्वसंरक्षणाच्या चर्चेत हाच भेद केला: कृती एक, परिणाम दोन, हेतू एकाच परिणामाचा.

पण इतक्या लांब कशाला जायचं? पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथात, एक माणूस आहे. त्याला हवा तांदूळ. घरी आणतो साळीचा भारा, तुसासकट, पेंढ्यासकट. का? ‘नान्तरीयकत्वात्’! न अंतरा, म्हणजे ज्याच्यावाचून दुसरं मिळतच नाही ते. हवं तेवढं घेतो आणि तूस-पेंढा ‘उत्सृजति’, टाकून देतो. बघा, आपल्या ‘उत्सर्जना’चाच धातू! आपलं ‘अंतर देऊ नका’ मला याच घरातलं वाटतं: तूस तांदळाला अंतर देत नाही.

एक कोशकार मित्र म्हणतात, अनइंटेन्शनल आणि इन्सिडेंटल, दोन्हींना ‘आनुषंगिक’ पुरे. ज्यांनी कधी मिक्सर उघडून पाहिला नाही, त्यांना पुरेलही! अनुषंग म्हणजे मागून चिकटलेलं. ‘संग’, ‘प्रसंग’, ‘आसक्ती’ याच ‘सञ्ज्’ धातूची भावंडं. मोटरला तो शब्द शोभतो. कंप्युटरच्या लहरी मागून चिकटत नाहीत, त्या कामाबरोबरच जन्मतात.

हं, तुमचा प्रश्न राहिलाच. सहेतुक, नान्तरीयक, आनुषंगिक, असं लिहा. वरिष्ठांनी नान्तरीयकला नाक मुरडलं, तर त्यांना साळीचा भारा सांगा.