पीपीत एचडीपीई मिसळल्यावर क्रेट का तडकतो?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आम्ही पीपीचे (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचे) क्रेट काढतो. भंगारातला एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिलीन प्लास्टिक) २० टक्के घातला की कोपरे तडकतात. असं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही भाऊभाऊ वाटले तरी एकमेकांत विरघळत नाहीत. पीपी सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळतो, एचडीपीई १३० च्या आसपास. थंड होताना प्रत्येकाचे स्फटिक वेगळे बनतात. एचडीपीईचे थेंब पीपीत अडकतात, त्यांची हद्द कच्ची राहते. तडा तिथूनच पळतो. साचा गरम असेल तर स्फटिकगोळे मोठे होऊन माल आणखी ठिसूळ होतो, म्हणून साच्याचं पाणी गार ठेवा. पॉलिओलेफिन इलॅस्टोमर (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) ५ ते १० टक्के घालून बघा. चिवटपणा वाढेल, कडकपणा थोडा उतरेल. भंगार पाण्यात टाकून हे दोन वेगळे होत नाहीत, दोन्ही तरंगतात!