साखरपुड्याआधी एवढं बोलून घे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

स्थळ मनासारखं आहे, नोकरीला सासरची हरकत नाही, तरी धाकधूक वाटते, असं तू लिहिलंस. वाटणारच. नोकरीला हरकत नाही एवढ्याने भागत नाही. तू संसारात समाधानी राहशील का, हे संध्याकाळी दोघं दमून घरी आल्यावर काय होतं, त्यावर जास्त ठरतं.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. तीही घरकाम करणाऱ्या पुरुषांचीच सरासरी. २०१९ च्या पाहणीत असे पुरुष शंभरात २६ होते.

पण मी इतक्या वर्षांत ज्यांना जवळून पाहिलं, त्या बायका नुसत्या कामाने खचल्या नाहीत. सगळं आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं, याने खचल्या. सिलिंडर कधी लावायचा, मावशी आल्या नाहीत तर भांड्यांचं काय, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात का, बाळाची लस कधी. ‘तू सांग, मी करतो’ म्हणणारा नवरा मनाने चांगला असतो, पण डोक्यावरचं ओझं तुझ्याकडेच राहतं. म्हणून काही कामं पूर्णपणे त्याचीच असू देत. तो ती त्याच्या पद्धतीने करील; तिथे तू चुका काढत बसू नकोस.

बाळंतपणाचंही आधी बोला. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. वडिलांसाठी खासगी नोकरीत तसा कायदा नाही. रजा संपल्यावर बाळ कुणाकडे? ‘आई आहेच की’ हे उत्तर त्याच्या आईला विचारल्याशिवाय मान्य करू नकोस. त्या बाईचंही आयुष्यभर राबून झालंय.

आणि पैसे. पगाराचं खातं तुझ्या एकटीच्या नावावर ठेव, घरखर्चाला दोघांनी मिळून वेगळं खातं काढा. धाकट्या भावाचं शिक्षण होईपर्यंत माहेरी दरमहा पैसे पाठवणार, हे तू मला सांगितलंस. होणाऱ्या नवऱ्याला सांगितलंयस का? रविवारी भेटाल तेव्हा हाच विषय पहिला काढ, आणि तो काय म्हणतो ते मला कळव.

तुझी,
मावशी