ब्रिस्केट १६० ला अडकलं म्हणून व्हेंट उघडायची नसते

तुम्ही लिहिलंय की १३ पाउंडाचं अख्खं ब्रिस्केट (गोमांसाचा छातीकडचा मोठा तुकडा) सकाळी ६ ला कामाडोत (जाड सिरॅमिकचा, झाकणाचा कोळशाचा कुकर) ठेवलं, दुपारी मांसाच्या आतलं टेंपरेचर १६० ला (सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये) जे अडकलं ते तीन तास हललंच नाही, मग वैतागून खालची व्हेंट (हवेची झडप) पूर्ण उघडली, कुकर ३५० च्या वर गेला, पाहुणे ताटकळले आणि फ्लॅट (ब्रिस्केटचा पातळ, कमी चरबीचा भाग) चामड्यासारखा झाला. अहो, मांसाचं काही चुकलं नव्हतं, तुमचा धीर सुटला. माझाही सुटला होता पहिल्या वर्षी, चार जुलैला, रात्री ९ ला पिझ्झा मागवला सगळ्यांसाठी.

त्या अडकण्याला इथे टेक्सासात स्टॉल म्हणतात आणि मोठ्या ब्रिस्केटला तो येतोच. माठातलं पाणी कसं गार होतं? माठ पाझरतो, बाहेरचं पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. इथेही तेच, मांसाला घाम फुटतो आणि तुम्ही देताय ती सगळी धग तो वाळवण्यात जाते. वरचा भाग सुकला की काटा आपोआप पुढे सरकतो. घाई असेल तर बुचर पेपरात (मांस गुंडाळायच्या जाड कागदात) घट्ट गुंडाळा. फॉइलमध्ये अजून लवकर सुटतं, पण वरची काळी खरपूस साल मऊ पडते, मला नाही आवडत ते. आणि गुंडाळायची वेळ आकड्यावर ठरवू नका, नखाने हलकं खरवडून साल सुटत नसेल तरच गुंडाळा.

आता कुकरचं. कामाडो म्हणजे जपानीत चूलच, पण वागणं चुलीसारखं नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढलं की धग उतरते, इथे त्या जाड सिरॅमिकच्या भिंती एकदा तापल्या की लवकर निवत नाहीत. त्यामुळे २५० हवं असेल तर २०० दिसल्यापासूनच व्हेंट आवळत आवळत वर चढायचं. आधी ३०० ला नेऊ आणि मग खाली आणू म्हणालात की बसा तासभर. माझ्याकडे खालची साधारण बोटभर आणि वरची जेमतेम फटीएवढी उघडी असते, तुमच्या कुकरचं तुम्हीच दोन-तीनदा करून बघा. एकदा हलवलं की १५-२० मिनिटं हात लावायचा नाही, हे सगळ्यात अवघड आहे.

लंप चारकोल (लाकडी कोळशाचे ओबडधोबड तुकडे) भरपूर भरा, एकाच जागी पेटवा, मध्ये मध्ये धुरासाठी पोस्ट ओक लाकडाचे मुठीएवढे ४-५ तुकडे टाका (भिजवू नका), वर डिफ्लेक्टर प्लेट, म्हणजे आच थेट मांसाला लागत नाही. लायटर फ्लुइड नको, सिरॅमिकमध्ये वास मुरतो. सुरुवातीचा दाट पांढरा धूर जाऊ द्या, पातळ निळसर झाला की मांस ठेवा, नाहीतर कडवट लागतं. आणि आधीची राख काढा हो! मी एकदा कंटाळा केला, जाळीची भोकं बुजली आणि पहाटे ४ ला उठून बघतो तर विस्तव विझलेला. मधे झाकण उघडायचं झालं तर आधी दोन बोटं उचलून थांबा, एकदम उघडलंत तर भडका येतो. माझ्या भुवया गेल्यात एकदा.

चरबी पाव इंच ठेवून बाकीची काढायची, मीठ आणि जाडसर मिरी लावायची, बास. मी काळा मसाला लावून पाहिलाय, बारा तासांनी नुसता कडवटपणा उरला.

पाहुणे दुपारी १ ला असतील तर आदल्या रात्री ८-९ लाच ठेवा. २५० ला साधारण १२-१३ तास धरा. २०३ च्या आसपास प्रोब (थर्मामीटरची सळई) घालून बघा, उकडलेल्या रताळ्यात सुरी जाते तसा गेला पाहिजे, नसेल जात तर आकडा काही का असेना, राहू द्या. लवकर झालं तर उत्तमच, पेपरासकट जुन्या टॉवेलात गुंडाळून बर्फ ठेवायच्या रिकाम्या कूलर-बॉक्समध्ये ठेवा, दोन-तीन तास आरामात गरम राहतं, फक्त १४० च्या खाली जाऊ देऊ नका.

कापताना मांसाच्या तंतूंच्या रेषांच्या आडवं, पण पॉइंट (जाड, चरबीचा भाग) आणि फ्लॅटच्या रेषा वेगवेगळ्या दिशेने जातात आणि शिजल्यावर त्या काळ्या सालीखाली काही दिसत नाही. म्हणून मी मीठ-मिरी लावायच्या आधीच फ्लॅटचा एक कोपरा आडवा छाटून ठेवतो, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरी लावायची.