अणुवीज : अडचण किरणांची की कालावधीची?

प्रश्न : जैतापूरच्या प्रकल्पावरील चर्चा किरणोत्सर्गाच्या भीतीपाशी येऊन थांबते. कोळसा, पाणी, वारा आणि सूर्य यांच्या तुलनेत अणुविजेचे खरे तोटे कोणते?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चेर्नोबिल (१९८६) आणि फुकुशिमा (२०११) येथील अपघातांनंतर भोवतालची वस्ती हलवावी लागली, तेव्हा या भीतीला कोणी भाबडेपणा म्हणू नये. तरीही कोळशाच्या धुराने रोज होणारी हानी त्याहून कितीतरी मोठी आहे, हे तुलना करताना आधी मान्य केले पाहिजे. माझ्या मते अणुविजेची खरी अडचण वेळ आणि पैसा ही आहे.

जैतापूरसाठी ठरलेल्या सहा अणुभट्ट्या ‘ईपीआर’ या फ्रेंच बनावटीच्या, प्रत्येकी १७३० मेगावॉट क्षमतेच्या आहेत. याच बनावटीची फ्लामांव्हिल येथील भट्टी खुद्द फ्रान्सने २००७ मध्ये बांधायला घेतली. ती २०१२ मध्ये पूर्ण व्हायची होती, पण ग्रीडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि ३.३ अब्ज युरोंचा मूळ अंदाज तोवर १३ अब्जांच्या पुढे गेला होता. फिनलंडमध्ये ओल्किलुओतो येथे २००९ ची मुदत २०२३ पर्यंत लांबली. काम असे रेंगाळले की कर्जावरचे व्याज चढत राहते आणि विजेचे पहिले युनिट तयार होण्याआधीच विजेच्या दरात जाऊन बसते. सौर प्रकल्प मात्र टप्प्याटप्प्याने उभारता येतो आणि जेवढा उभा राहील तेवढा लगेच वीज देऊ लागतो. राजस्थानातील भाडला येथे २०१७ मध्ये युनिटमागे २ रुपये ४४ पैशांची बोली लागली होती. अर्थात रात्रीसाठी बॅटऱ्या किंवा घाटघरसारखे उदंचन (पाणी वर चढवून साठवण्याचे) प्रकल्प लागतात आणि तो खर्च या दरात धरलेला नसतो.

भट्टीतील उष्णतेच्या जेमतेम एक तृतीयांश भागाचीच वीज होते. किनाऱ्यावरच्या प्रकल्पात उरलेली उष्णता समुद्रात जाते, म्हणून गरम पाण्याने मासळीला धोका होईल, ही जैतापूरजवळच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांची शंका रास्त आहे. सौर पॅनेल आणि पवनचक्क्यांना थंड करण्यासाठी असे पाणी लागत नाही.

वापरलेल्या इंधनावर तारापूरला पुनर्प्रक्रिया होते, पण उरलेला तीव्र किरणोत्सर्गी कचरा काचेत बंदिस्त करून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावाच लागतो. पवनचक्की उतरवून नेता येते. आयुष्य संपलेली भट्टी मोडण्याचे काम मात्र दशकानुदशके चालते. त्यासाठी आपल्याकडे युनिटमागे २ पैसे आकारले जातात आणि ही रक्कम मला फारच तोकडी वाटते.